जुना ४८६ पीसी सुरू होत नाही? पॉवरचं बटण दाबण्याआधी हे वाचा



अनेक घरांच्या माळ्यावर, बंद पडलेल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये किंवा एखाद्या जुन्या डीटीपी सेंटरच्या मागच्या खोलीत अजूनही ३८६, ४८६ किंवा पहिल्या पेंटियमच्या काळातला पीसी पडलेला असतो. वीस-पंचवीस वर्षांनी कुणाला तरी त्याची आठवण येते, आणि "चालू होतो का बघू" म्हणत थेट प्लग लावला जातो. बहुतेक वेळा नुकसान तिथेच होतं. असा पीसी कुठल्या क्रमाने तपासायचा आणि कुठला दोष कसा ओळखायचा, ते आज आपण एका खऱ्याखुऱ्या मशीनच्या उदाहरणावरून बघणार आहोत.

हे मशीन माझ्या मावशीचं. ४८६ डीएक्स२, ६६ मेगाहर्ट्झ, ८ एमबी रॅम, चारशे एमबीच्या आसपासची हार्ड डिस्क आणि वर डॉस. काकांचं सातारा जिल्ह्यात टायपिंगचं दुकान होतं. मराठी जॉबवर्कसाठी त्यांनी पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड घेतलं होतं. डॉसच्या काळात स्क्रीनवर देवनागरी दिसण्यासाठी हे वेगळं कार्ड स्लॉटमध्ये बसवायला लागायचं. दुपारी दुकान रिकामं असलं की मावशी गावातल्या म्हाताऱ्या बायकांकडून ऐकून लिहून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या त्यावर टाइप करायची. वह्या पावसात गेल्या, प्रिंटआउट कुणीतरी नेले ते परत आलेच नाहीत, आणि ज्यांनी त्या ओव्या सांगितल्या त्यातल्या बहुतेक जणी आता नाहीत. जे काही उरलं होतं ते त्या डिस्कवर. मावशीने एवढंच सांगितलं, "मशीन गेलं तर जाऊ दे रे. आतलं तेवढं काढ."

म्हणून या लेखातला पहिला नियमही हाच: मशीन दुरुस्त करणं हे साधन आहे, डेटा वाचवणं हे काम आहे. सगळी तपासणी पूर्ण होईपर्यंत हार्ड डिस्कच्या दोन्ही केबल काढून ठेवा. बोर्डात काही गडबड असेल तर त्याचा त्रास डिस्कला व्हायला नको.

आधी सुरक्षितता

त्या काळच्या एटी कॅबिनेटमध्ये एक गोष्ट आजच्या पीसीपेक्षा वेगळी असते. समोरच्या पॉवरच्या बटणापर्यंत २३० व्होल्टची लाइन थेट आलेली असते. एसएमपीएसमधून निघून बटणाकडे जाणारी जाड काळी केबल दिसते ना, तीच ती. त्यामुळे "बटण बंद आहे" म्हणजे आत हात घालायला हरकत नाही, असं समजू नका. प्लग भिंतीतून काढा, मगच कॅबिनेट उघडा.

एसएमपीएसच्या डब्यात २३० व्होल्ट एसीपासून साधारण ३२५ व्होल्ट डीसी तयार होतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ कपॅसिटरमध्ये राहतो. डबा उघडायची सवय नसेल तर उघडू नका. जुना काचेच्या नळीचा मॉनिटर तर अजिबातच नाही, आत हजारो व्होल्ट असतात. त्याची गरजही नाही, कारण व्हीजीए पोर्ट असलेला साधा एलसीडी मॉनिटर बहुतेक वेळा या मशीनला नीट चालतो.

पायरी १: डोळ्यांनी तपासणी आणि ती निळी बॅटरी

झाकण काढल्यावर आधी नुसतं बघा. धूळ, झुरळांची घाण, गंजलेले स्क्रू, उंदराने कुरतडलेल्या केबल. मऊ ब्रशने धूळ काढा. मग बोर्डावर कीबोर्डच्या गोल सॉकेटजवळ छोट्या पिंपासारखी बॅटरी आहे का बघा. बहुतेक वेळा ती निळ्या वेष्टणात असते आणि वर ३.६ व्होल्ट लिहिलेलं असतं.

ही निकेल-कॅडमियम बॅटरी. तारीख, वेळ आणि डिस्कची माहिती, म्हणजे सीमॉस सेटिंग, जपून ठेवायचं तिचं काम. वय झालं की ती गळते, आणि तिच्यातलं द्रव्य, पोटॅशियम हायड्रॉक्साइड, बोर्डावर पसरून तांब्याचे ट्रॅक खायला लागतं. हिरवट-निळसर पापुद्रा, काळे पडलेले सोल्डरचे डाग आणि बुरशीसारखी पांढरी पूड या तिच्या खुणा. जुने ३८६-४८६ बोर्ड मरायचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

साफ करताना बरेच जण खायचा सोडा वापरतात. कारच्या बॅटरीसाठी ते बरोबर आहे, कारण तिथे आम्ल असतं. इथे उलट आहे, गळलेलं द्रव्य अल्कली आहे. म्हणून सौम्य आम्ल लागतं:

१. हातमोजे घालून बॅटरी कापून काढा. ती कचऱ्यात टाकू नका, कॅडमियम विषारी असतं. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.
२. कापसाच्या काडीने पांढरं व्हिनेगर लावा. थोडा फेस येईल. जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने घासा.
३. शुद्ध पाण्याने पुसून घ्या, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने.
४. निदान एक दिवस पंख्याखाली वाळू द्या.

मावशीच्या बोर्डावर साधारण दोन रुपयांच्या नाण्याएवढ्या भागावर हा हिरवा थर होता, नेमका कीबोर्ड कंट्रोलरच्या चिपशेजारी. ही जागा लक्षात ठेवा, पुढे ती परत येणार आहे.

नवी बॅटरी लावताना एक काळजी घ्या. जुनी बॅटरी चार्ज होणारी होती, त्यामुळे बोर्ड तिला चार्जिंगचा करंट देतो. तिच्या जागी आजचा लिथियमचा बटण सेल थेट जोडला तर तोही चार्ज करायचा प्रयत्न होईल, आणि तो सेल त्यासाठी बनलेलाच नाही. मधे डायोड टाकायला लागतो. त्यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे बोर्डावरचा बाहेरच्या बॅटरीसाठीचा ४ पिनांचा कनेक्टर. जंपर मॅन्युअलप्रमाणे बदला आणि होल्डरमधले ३ पेन्सिल सेल जोडा. मधे डायोड टाकायला इथेही हरकत नाही. सेल कॅबिनेटच्या पत्र्याला चिकटवा, म्हणजे उद्या तेही गळले तरी बोर्डावर काही सांडणार नाही.

पायरी २: वीज न देता शॉर्ट शोधा

आता मल्टीमीटर. साधा चालेल. बोर्डाला एसएमपीएसकडून दोन कनेक्टर येतात, पी-८ आणि पी-९. ते काढून ठेवा आणि बोर्डाच्या बाजूच्या पिनांवर काळ्या वायरची जागा (ग्राउंड) आणि प्रत्येक रंगाची जागा यांच्यातला रेझिस्टन्स मोजा:

• लाल: +५ व्होल्ट
• पिवळा: +१२ व्होल्ट
• निळा: −१२ व्होल्ट
• पांढरा: −५ व्होल्ट

एखाद्या लाइनवर जवळजवळ शून्य ओहम आलं तर तिथे शॉर्ट आहे. बरेचदा दोषी असतो टँटॅलम कपॅसिटर, म्हणजे पिवळा किंवा निळा, डाळीच्या दाण्यासारखा थेंब. हे कपॅसिटर म्हातारपणी शॉर्ट होतात, आणि तसाच पॉवर दिला तर फटाक्यासारखे फुटतात.

आमच्या बोर्डावर निळ्या लाइनला ०.६ ओहम आलं. त्या लाइनवर तीन टँटॅलम होते. ते समांतर जोडलेले असल्यामुळे मीटरवर तिन्ही शॉर्टच दिसतात. खरा चोर शोधायला एकेकाचा एक पाय सोडवून परत मोजायला लागतं. दुसऱ्याचा पाय सोडवल्याबरोबर रीडिंग काही किलोओहमवर गेलं, म्हणजे तोच खराब होता.

नवा लावताना दोन गोष्टी सांभाळा. एक, टँटॅलमवरची रेघ किंवा अधिक चिन्ह पॉझिटिव्ह पाय दाखवतं, तर साध्या गोल इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवरची रेघ निगेटिव्ह पाय दाखवते. नेमकं उलटं! दोन, −१२ व्होल्टच्या लाइनवर ग्राउंड हीच पॉझिटिव्ह बाजू ठरते. मूळ कपॅसिटर १६ व्होल्टचा असेल तर नवा २५ व्होल्टचा घ्या, म्हणजे त्याच्यावर ताण कमी येतो.

पायरी ३: एसएमपीएसची परीक्षा

जुना एटी एसएमपीएस लोडशिवाय बरेचदा नीट चालत नाही. नुसता चालू करून मोजलं तर रीडिंग चुकीचं येतं किंवा तो लगेच बंद पडतो, आणि आपण चांगला सप्लाय भंगारात काढतो. लाल आणि काळ्या वायरमध्ये ५ ओहम, १० वॅटचा रेझिस्टर जोडा. त्यातून १ अँपिअर करंट जाईल. रेझिस्टर चांगलाच तापतो, फरशीवर ठेवा. मग मोजा:

• लाल: ४.७५ ते ५.२५ व्होल्ट
• पिवळा: ११.४ ते १२.६ व्होल्ट
• निळा: −१०.८ ते −१३.२ व्होल्ट
• नारंगी: चालू केल्यावर क्षणभराने ५ व्होल्टच्या आसपास

नारंगी वायर म्हणजे "पॉवर गुड" सिग्नल. तो आला नाही तर बाकी सगळे व्होल्टेज ठीक असूनही बोर्ड रिसेटमध्येच अडकून राहतो. पंखा फिरतो, दिवा लागतो, पण स्क्रीन काळी.

पी-८ आणि पी-९ परत लावताना जुन्या मेकॅनिक लोकांचा नियम लक्षात ठेवा: काळ्याला काळं. दोन्ही कनेक्टरच्या काळ्या वायर मध्यभागी शेजारी-शेजारी आल्या पाहिजेत. अदलाबदल झाली तर बोर्ड जाऊ शकतो.

पायरी ४: कमीत कमी सामान आणि बीप मोजणं

आता बोर्डावर फक्त प्रोसेसर, रॅम, डिस्प्ले कार्ड आणि छोटा स्पीकर ठेवा. बाकी सगळी कार्डं बाहेर. जितक्या वस्तू कमी, तितके संशयित कमी.

रॅमच्या पट्टीचे आणि कार्डाचे संपर्क पांढऱ्या खोडरबराने हलकेच घासा, मग अल्कोहोलने पुसा. ४८६ बोर्डावर ७२ पिनांची पट्टी एकटीही चालते, पण ३० पिनांच्या पट्ट्या चारच्या संचातच लावाव्या लागतात. कारण सोपं आहे. ४८६ ला एका वेळी ३२ बिट लागतात आणि ३० पिनांची एक पट्टी ८ बिटच देते.

चालू केल्यावर कान द्या. स्क्रीन सुरू व्हायच्या आधीचे दोष बायॉस बीपने सांगतो. एएमआय बायॉसचे नेहमीचे बीप असे:

• ३ बीप: पहिल्या ६४ केबी मेमरीत दोष, म्हणजे रॅम किंवा तिचा सॉकेट
• ५ बीप: प्रोसेसर
• ६ बीप: कीबोर्ड कंट्रोलर किंवा ए-२० ही लाइन
• ८ बीप: डिस्प्ले कार्डाची मेमरी
• ९ बीप: बायॉस रॉमचा चेकसम

अवॉर्ड बायॉसची भाषा वेगळी आहे. तिथे १ लांब आणि २ छोटे म्हणजे डिस्प्ले. त्यामुळे आधी बायॉसच्या चिपवरचं लेबल वाचा, मग बीपचा अर्थ लावा. बीपच येत नसेल तर स्लॉटमध्ये बसणारं पोस्ट कार्ड मदतीला येतं. सुरुवातीच्या चाचणीत बायॉस कुठल्या टप्प्यावर अडकलाय, तो आकडा ते दाखवतं.

आमच्याकडे आधी ३ बीप आले. रॅम दुसऱ्या सॉकेटमध्ये बसवली, संपर्क पुसले, ३ बीप गेले. आणि ६ बीप सुरू झाले. बरेच लोक इथे निराश होतात, पण ही चांगली बातमी असते. याचा अर्थ मशीन आधीच्या अडथळ्याच्या पुढे आलंय.

६ बीप म्हणजे कीबोर्ड कंट्रोलर किंवा ए-२०. आणि बॅटरी कुठे गळली होती? त्याच चिपशेजारी. चिप काढून दुसऱ्या बोर्डात लावली, तिथे ती व्यवस्थित चालली. म्हणजे संशय ट्रॅकवर. मीटर कंटिन्युइटीवर ठेवून, भिंगाने बघत, चिपच्या प्रत्येक पिनापासून निघालेल्या ट्रॅकचं दुसरं टोक शोधलं. एका ट्रॅकवर मीटर वाजेना. वरून तो अख्खा दिसत होता, हिरवा लॅकर खरवडल्यावर आत तांबंच उरलं नव्हतं. दोन्ही टोकांमध्ये केसाएवढी बारीक इन्सुलेटेड वायर सोल्डर केली. पुढच्या वेळी स्क्रीनवर मेमरी मोजली जाताना दिसली.

पायरी ५: सीमॉस आणि हार्ड डिस्क

बॅटरी मेल्यामुळे "सीमॉस चेकसम"ची तक्रार येणारच. तो बिघाड नव्हे, फक्त विसरलेली माहिती आहे. सेटअपमध्ये जाऊन तारीख, फ्लॉपीचा प्रकार आणि डिस्कची मापं भरा.

इथे घाई नको. जुन्या डिस्कवर सिलिंडर, हेड आणि सेक्टर असे तीन आकडे लेबलवर छापलेले असतात. आमच्या डिस्कवर ९८९, १५ आणि ५६ होते. खात्री करायची तर गुणाकार करा: ९८९ × १५ × ५६ × ५१२ बाइट = ४२,५३,४९,१२० बाइट, म्हणजे सुमारे ४२५ एमबी. लेबलवरच्या क्षमतेशी हे जुळलं की आकडे बरोबर. चुकीची मापं भरून डिस्कवर काही लिहिलं गेलं तर असलेला डेटा खराब होतो. त्यामुळे डॉसने कसलीही "दुरुस्ती" सुचवली तरी आधी नाही म्हणा. आधी कॉपी, मग दुरुस्ती.

केबल लावताना लाल रेघेची बाजू पिन १ कडे. डिस्क एकटी असेल तर जंपर "मास्टर"वर. फ्लॉपीची केबल उलटी लागली की तिचा दिवा सतत पेटलेला राहतो, ही हमखास खूण आहे.

डिस्क थेट लॅपटॉपला यूएसबी अडॅप्टरने का जोडली नाही, असं कुणीही विचारेल. अडचण अशी की त्या काळच्या अनेक लहान डिस्क फक्त सिलिंडर-हेड-सेक्टर या जुन्या पद्धतीनेच पत्ता ओळखतात आणि आजचे बरेच अडॅप्टर ती पद्धत वापरतच नाहीत. अशा वेळी तिचं स्वतःचं मशीन हाच भरवशाचा मार्ग उरतो. म्हणून तर ही सगळी खटपट.

डिस्क फिरली, थोडा कर्कश आवाज करून स्थिरावली, आणि डॉसचा प्रॉम्प्ट आला. ओव्यांच्या १४ फायली होत्या, सगळ्या मिळून ३०० केबीसुद्धा नाहीत. फ्लॉपी ड्राइव्हचं हेड अल्कोहोलने पुसून त्या दोन वेगवेगळ्या फ्लॉपींवर घेतल्या आणि यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हने लॅपटॉपवर उतरवल्या. ते झाल्यावरच बाकीच्या डिस्कला हात लावला.

पायरी ६: फाइल मिळाली, पण अक्षरं कुठायत?

लॅपटॉपवर फाइल उघडली की निव्वळ चिन्हांचा गोंधळ दिसतो. "फाइल करप्ट झाली" म्हणून ती डिलीट करू नका! तेव्हाचं मराठी युनिकोडमध्ये नसून इस्की या भारतीय मानकात साठवलेलं असायचं, ज्याची १९९१ ची आवृत्ती प्रसिद्ध आहे. युनिकोडमधला देवनागरीचा भाग इस्कीच्याच १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेला असल्यामुळे रूपांतर बरंचसं सरळ आहे. आयसीयू या मुक्त स्रोत लायब्ररीत इस्कीची सोय आहे.

एक गुंता मात्र आहे. इस्कीत "क"चा क्रमांक १७९. पण डॉसमध्ये १७९ म्हणजे चौकटी आखायची उभी रेघ. दोन्ही एकत्र नांदावेत म्हणून डॉसवर कधीकधी क्रमांक सरकवलेला प्रकार, पीसी-इस्की, वापरलेला असतो. कुठला प्रकार आहे ते ओळखायला फाइलमधला एखादा नक्की माहीत असलेला शब्द शोधा. आम्हाला मावशीच्या गावाचं नाव उपयोगी पडलं, ते प्रत्येक फाइलच्या डोक्यावर होतं.

जिस्ट कार्ड सगळ्यात शेवटी लावलं. स्क्रीनवर देवनागरी उमटली आणि रूपांतर झालेला मजकूर मूळ मजकुराशी ओळ-ओळ ताडून बघता आला. अनुस्वार आणि जोडाक्षरं तपासायचं काम मावशीनेच केलं. कुठली ओवी कुणी सांगितली, ती नावंही तिने प्रत्येकीखाली टाइप करून ठेवली होती. तीसुद्धा सगळी मिळाली.

थोडक्यात: लक्षण आणि पहिला संशय

• एसएमपीएस क्षणभर चालून बंद: कुठल्यातरी लाइनवर शॉर्ट, टँटॅलम बघा
• पंखा फिरतो, बीप नाही, स्क्रीन काळी: पॉवर गुड, प्रोसेसरचं बसणं, बायॉस चिप
• ३ बीप: रॅमचे संपर्क
• ६ बीप किंवा कीबोर्ड चालत नाही: बॅटरीशेजारचे ट्रॅक
• दर वेळी तारीख विसरतो: सीमॉस बॅटरी
• डिस्क सापडत नाही: सेटअपमधली मापं, जंपर, केबल
• फ्लॉपीचा दिवा सतत चालू: केबल उलटी

सुटे भाग लागले तर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा तुमच्या शहरातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात टँटॅलम कपॅसिटर, डायोड आणि बारीक वायर सहज मिळतात. सोल्डरिंगचा हात बसलेला नसेल तर तेवढं काम टीव्ही किंवा मोबाइल दुरुस्त करणाऱ्याकडून करून घ्या, पण कुठे डाग द्यायचा ते तुम्ही शोधून द्या.

आणि घरी असा पीसी असेल आणि दुरुस्तीला सध्या वेळ नसेल, तरी एक काम या रविवारी नक्की करा. झाकण उघडा आणि ती निळी बॅटरी काढून टाका. मशीन आणखी पाच वर्षं माळ्यावर राहिलं तरी चालेल, पण ती बॅटरी आत असेल तर ट्रॅक तेवढी वाट बघणार नाहीत.